जहरातली तिरपी खोली

बाबा,

काल तुमच्या पणतीने मला विचारलं, "नाना, डिड यू सेव्ह एनी?" म्हणजे त्यांतलं एखादं घर तरी वाचवलंत का. मी दोन महिन्यांसाठी मुलाकडे कुवेतला आलो आहे. सबाह अल-सालेमला सहाव्या मजल्यावर त्यांचं घर आहे, आणि पोरीला शाळेतून जुन्या कुवेतच्या मातीच्या घरांवर काहीतरी लिहून न्यायचं आहे. तिच्या पुस्तकातले फोटो बघून मी बोलून गेलो की तरुणपणी असली घरं पाडण्याआधी मी टेप लावून मोजलेली आहेत, कागदावर काढलेली आहेत. मी मराठीत सांगतो, ती इंग्रजीत विचारते, असा आमचा संसार चालतो. मी म्हणालो, हो, दोन वाचली. ते खरंही आहे. तिने ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि उठून गेली. मी मात्र तिथेच बसून राहिलो. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच मग रात्रभर लाज वाटत राहिली. आज सकाळी सून बाजारात गेली तेव्हा तिच्या टेबलावरचं पॅड घेतलं आणि तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. पत्र लिहायला उशीर झाला हे मला कळतं.

तुम्ही कुवेतला आलात ते सुतार म्हणून. आधी किनाऱ्यावर गलबतं दुरुस्त करायचात, मग हळूहळू घरांच्या छपरांची कामं मिळायला लागली. या देशात झाड नाही, त्यामुळे लाकूड सगळं समुद्रावरून यायचं. दारं मलबारच्या सागवानाची, आणि छपराला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले गोल वासे, त्यांना इथे चंदल म्हणायचे. वाशाची लांबी तेवढीच खोलीची रुंदी. शेख असो की हमाल, त्याहून रुंद खोली कुणाला मिळत नव्हती, हे तुम्ही मला हसत हसत सांगायचात. वाशांवर बांबूच्या कामट्या, त्यावर चटई, त्यावर चिखलाचा थर. उन्हाळ्यात त्या खोल्यांमध्ये माणूस जगू शकायचा. मी ड्रॉइंगचा कोर्स करून तुमच्या मागोमाग आलो ते पन्नासच्या दशकात. नकाशे काढण्याच्या एका कचेरीत मला नोकरी लागली, तेव्हा तुम्ही मला बाजारात घेऊन गेलात आणि निळ्या मखमलीच्या खणांतली कंपासपेटी घेऊन दिलीत. भेटेल त्याला सांगायचात, "आमचा पोरगा कागदावर घर बांधतो." मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं की तुम्ही जे हाताने करता ते मी पेन्सिलीने करतो, म्हणजे मी तुमच्याहून एक पायरी वर आहे.

ती वर्षं मोडतोडीची होती. शहराची तटबंदी पाडली, गल्ल्या पाडल्या, आपण राहत होतो ती खोलीसुद्धा दोनदा बदलावी लागली. सगळ्यांना सिमेंटचं घर हवं होतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मग साठच्या दशकात रस्ता रुंद करायचा म्हणून शहराबाहेरच्या जहरा गावातल्या जुन्या वस्तीची पाळी आली. आमच्या कचेरीत एक इंग्रज साहेब होता. उंच, उन्हाने सोललेल्या नाकाचा, बोलायला मऊ. त्याने आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं की पाडण्याआधी प्रत्येक घर मोजायचं, काढायचं आणि प्रत्येकाचं एक कार्ड भरायचं. कुणी बांधलं, कशाने बांधलं, काय विशेष. तीन घरं ठेवायची परवानगी त्याने वरून मिळवली होती. दोन कुठली ते जवळजवळ ठरलंच होतं. तिसरं त्याने राखून ठेवलं होतं. तो म्हणाला, "हे गाव जिथून सुरू झालं ते घर मला शोधून द्या." पहिलं घर आमचंच, असं तिथे प्रत्येक जण सांगत होता, पुरावा कुणाकडे नव्हता.

माझ्या वाट्याला आलेल्या चार घरांत त्या हाजींचं घर होतं, ज्याचं छप्पर तुम्ही पंचवीस वर्षांपूर्वी बदललं होतं. हे मी तुम्हाला सांगितलं त्या दिवशी तुम्ही दाढी करायची सोडून माझ्याकडे बघत राहिलात. टेपचं दुसरं टोक धरायला मिळालेला माणूस तापाने पडला होता. "मी धरतो," तुम्ही म्हणालात. "मना त्या घराची माहिती हाय." मला मनातून अवघड वाटलं. कचेरीच्या जीपमध्ये वडिलांना घेऊन जायचं म्हणजे काय! पण तुम्ही तोवर पांढरा सदरा काढून झटकत होतात.

हाजी नव्या घरात राहायला गेले होते, तरी दुपारच्या नमाजाला जुन्या घरी यायचे. तुम्हाला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले. "उस्ताद!" म्हणाले, आणि मग मुंबईला गलबतं नेताना शिकलेल्या हिंदीत, "तुम बुड्ढा हो गया, तुम्हारा छत बुड्ढा नहीं हुआ." तुम्ही लाजलात. मी तुम्हाला लाजताना त्यापूर्वी कधी बघितलं नव्हतं. मग आपण मोजायला लागलो. अंगण, स्वयंपाकघर, बायकांच्या खोल्या, आणि कोपऱ्यातली ती लांबट खोली. तुम्ही टेप भिंतीच्या मुळाशी टेकवायचात, अंगठ्याने दाबून धरायचात आणि मी आकडा वाचेपर्यंत हलायचा नाहीत. मी वहीत लिहायचो आणि पुढे पळायचो. दिवस मावळायच्या आत मला आणखी एक घर उरकायचं होतं.

त्या खोलीत तुम्ही मला थांबवलंत. "ही खोली पयली," तुम्ही म्हणालात. "बाकी घर मागून आलं. हाजींचा आजा आला तेव्हा हितं मशीद नव्हती. त्याने आधी नमाजाला खोली बांधली. गलबताच्या एका नाखुद्याने ताऱ्यांवरून काब्याची दिशा धरून दोरी मारली, त्या दोरीवर भिंत. मग घर गल्लीच्या अंगाने वाढलं. म्हणून बघ, खोली घरात तिरपी बसलीय." मी म्हणालो, "हो, हो." तुम्ही वर बोट दाखवलंत. छप्पर बदलताना गवंडी म्हणत होता की वासे घराच्या रेषेत टाका, काम सोपं होईल. तुम्ही ऐकलं नाहीत. किब्ल्याकडच्या, म्हणजे काब्याच्या दिशेच्या भिंतीला समांतर एकेक वासा टाकलात, कारण नमाजाला उभी राहणारी माणसं वर बघून आपापल्या वाशाखाली उभी राहायची. वासा सरळ तर रांग सरळ. मी तेव्हा वहीत दाराची उंची लिहीत होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "लिवतोस लय, पण बघत नायस." तेवढंच. मी हसण्यावारी नेलं. मग आपण तिघं तिथेच जुहरच्या नमाजाला उभे राहिलो. तुमचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. डोक्यावर वासा होता, समोर भिंत होती आणि मी पुढच्या घराचा विचार करत होतो.

कचेरीत बोर्डावर कागद लावून काढायला बसलो तर ते घर मिटेना. म्हणजे एका कोपऱ्यातून निघून भिंत भिंत करत परत त्याच कोपऱ्यात यायला हवं, ते मी आलोच नाही. जवळजवळ दीड फूट अंतर राहिलं, आमच्या भाषेत क्लोजिंग एरर. एका टोकाला त्या खोलीची आणि शेजारच्या खोलीची मधली भिंत हातभर जाड, दुसऱ्या टोकाला अडीच हात, हे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात होतं. आमचे हेड ड्राफ्ट्समन कराचीचे, कडक, कानावर लाल पेन्सिल. त्यांनी मागून वाकून बघितलं. "मकान टेढ़ा नहीं होता मियाँ, टेप टेढ़ी पकड़ी होती है. दूसरा सिरा किसके हाथ में था?" मी म्हणालो, "मेरे वालिद के. उनका हाथ काँपता है." बाबा, तुमचा हात कापत नव्हता. तुमचा हात मरेपर्यंत कापला नाही. हेडसाहेब जरा मऊ झाले आणि म्हणाले, "फिर बाँट दो." आमच्या कामात ही रीतच होती. असली चूक निघाली की ती सगळ्या भिंतींत थोडी थोडी वाटून टाकायची, हिला दोन इंच, तिला तीन इंच, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि नकाशा मिटतो. मी ती वाटून टाकली. कोपरे काटकोनात आणले, भिंती सारख्या जाडीच्या केल्या. हाजींच्या आजाने नाखुद्याकडून ताऱ्यांवरून धरून घेतलेली काब्याची दिशा मी इंचाइंचाने भिंतींत जिरवून टाकली, आणि त्या नकाशाला 'सुबक' असा शेरा मिळाला. कार्डावर 'काय विशेष' या रकान्यात मी लिहिलं, काही नाही. तुम्ही सांगितलेली गोष्ट लिहिता आली असती. पण पुढच्या रकान्यात सांगणाऱ्याचं नाव आणि धंदा विचारला होता. तिथे तुमचं नाव आणि पुढे सुतार असं लिहायला माझा हात धजला नाही.

यादी लागली. हाजींचं घर पाडायच्या घरांत होतं. तिसऱ्या घराची जागा रिकामीच होती. साहेबाने खाली लिहिलं होतं की कुणाकडे काही पुरावा असेल तर पंधरा दिवसांत आणावा. त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा तुम्ही स्टोव्हपाशी उकिडवे बसून पापलेटाचं कालवण करत होतात. कोकम घरून आलेलं संपत आलं होतं म्हणून तुम्ही मोजकंच टाकत होतात. मी सांगितलं. तुम्ही पळी तशीच हातात धरून विचारलंत, "का रे? काय नाय आवडलं त्याला?"

"साहेबाला काही विशेष दिसलं नाही."

"खोली तिरपी हाय ते कागदावर आलं ना?"

त्या क्षणापर्यंत, बाबा, खरंच सांगतो, तुमची ती गोष्ट आणि माझी ती चूक एकच आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुम्ही 'तिरपी' म्हणालात आणि तो दीड फूट, ती हातभर जाड आणि अडीच हात जाड भिंत, वरचे वासे, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. जी चूक म्हणून मी वाटून टाकली तोच साहेबाला हवा असलेला पुरावा होता. नकाशाच्या कोपऱ्यात तिरपी बसलेली ती खोली त्याने एकदा बघितली असती तरी त्याला कळलं असतं की ती आधीची आहे आणि बाकी घर मागून तिला जोडलं आहे. मी तुमच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "हो. आलं ना." तुम्ही मान हलवलीत. "मग आपल्याकडून काय राहिलं नाय," म्हणालात आणि मीठ चाखून बघितलंत.

माझ्याजवळ पंधरा दिवस होते. वही माझ्या खणात होती, खरे आकडे त्यात होते. मी तीनदा ती वही घेऊन साहेबाच्या दारापर्यंत गेलो. आत जाऊन म्हणायचं होतं, मी नकाशा सरळ केला, घर तिरपं आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. पण दारापाशी हेडसाहेबांचं टेबल होतं. त्याच महिन्यात मला कायम करण्याचा कागद वर गेलेला होता, आणि नकाशात आकडे बदलणाऱ्या माणसाला कोण कायम करणार? नोकरी गेली तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना जातो, इकामा गेला तर घरची बोट. घरी बहिणीचं लग्न ठरत होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी त्यातलं एकही कारण मला आज पुरत नाही. साहेब रागावला असता असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. तो खूश झाला असता. मला भीती हेडसाहेबांच्या हसण्याची होती.

घर पाडलं तेव्हा तुम्हाला यायचंच होतं. मी नको म्हणत होतो. आपण पोचलो तोवर भिंती गेल्या होत्या, ट्रक वासे घेऊन निघत होता आणि जमिनीवर फक्त भिंतींचे बुंधे उरले होते, गुडघाभर उंचीचे. छपराची सावली नाही, आडोसा नाही, सगळं घर उघडं पडलेलं. त्यात ती खोली अशी दिसत होती की लहान मुलानेही बोट दाखवावं. सगळ्या भिंती एका अंगाला आणि ती एकटी दुसऱ्या अंगाला वळलेली. हाजी तिथे हात मागे बांधून उभे होते. रडत नव्हते. तुम्ही बुंध्याच्या कडेने चालत किब्ल्याच्या भिंतीपाशी गेलात आणि म्हणालात, "अरे, हितनं तर आंधळ्याला दिसंल."

तेवढ्यात साहेब आला. त्या भिंतीच्या बुंध्यावरून चालत गेला, परत आला, खिशातून होकायंत्र काढून बघितलं. मग माझ्याजवळ येऊन इंग्रजीत हळूच म्हणाला, "हे तुझ्या नकाशात का नव्हतं?" तुम्ही माझ्या बाजूला उभे होतात. मी त्याला म्हणालो, "क्लोजिंग एरर, सर." त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही विचारलंत, "काय म्हणतो रे?"

मी म्हणालो, "म्हणतो, वाईट झालं. चूक त्याची झाली."

मग पुढे होऊन तुम्ही त्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरलात आणि मला म्हणालात, "त्याला सांग, माणसाच्या हातून होतं. अल्ला माफ करतो. सांग त्याला." मी साहेबाला म्हणालो, "माझे वडील तुमचे आभार मानतात." तो गोंधळला, पण त्याने मान लववली. असे तुम्ही दोघं त्या उन्हात एकमेकांचे हात धरून उभे होतात आणि मध्ये मी होतो. तुमच्यातल्या एकालाही मी दुसऱ्याचं खरं बोलणं कळू दिलं नाही.

मला कायम केलं. पुढे मी हेड ड्राफ्ट्समन झालो, माझ्याही कानावर लाल पेन्सिल आली. हाताखालच्या पोरांना मी एक गोष्ट मात्र कधी करू दिली नाही. घर मिटलं नाही तर परत जा, परत मोजा, वाटून टाकायचं नाही. ती मला खडूस म्हणायची. तुम्ही गावी गेलात, बहिणीच्या घराला दारं केलीत, आणि चार माणसं बसली की जहराच्या खोलीची गोष्ट सांगायचात. गोष्टीचा शेवट ठरलेला असायचा. "साहेब चुकला, पण मोठ्या मनाचा, तोंडावर कबूल केलंन. आणि आमच्या पोराने कागदावर बरोब्बर काढली होती." मी सुट्टीत घरी आलो की ओटीवर बसून हे ऐकायचो. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. तुम्हाला आतून कळलं असेल आणि तुम्ही मला सांभाळून घेत असाल, असं मानून मी खूप वर्षं सुटका करून घेतली. आता घेत नाही. तुम्हाला कळलं नव्हतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, दुसरं काही नाही. माझं दुसरं काही चुकलं असेल तर त्याची भरपाई मी कुठे ना कुठे केली आहे. पण तुमच्या हाताची एक गोष्ट या देशात उभी राहिली असती, आज तुमच्या पणतीला तिथे नेऊन वर बोट दाखवता आलं असतं, ती मी घालवली. आणि घालवून तुमच्याकडून शाबासकी घेतली.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. सून येईल तेव्हा पॅड जागच्या जागी ठेवीन आणि ही पानं माझ्या पासपोर्टच्या पिशवीत जातील. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. घरून आलेली पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचो, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि संपलं की म्हणायचात, "परत एकदा वाच." आता इतकी पानं मोकळेपणाने लिहिली खरी, पण तुम्ही असता तर हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. बाबा, मी स्वतःला ओळखतो. कागदावर खोली तिरपी आली का, असं तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हणालो, त्या ओळीपाशी आलो असतो तर मी ती गाळून पुढची वाचली असती.